गुलाबाचा हिवाळा, कंदांचा पावसाळा : कर्जत-खालापूरच्या घरगुती बागेचे विवेचन

कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत गेल्या काही दशकांत भातखाचरांवर आणि वरकस माळांवर बंगले, फार्महाऊस उभी राहिली. त्यांच्या कुंपणाआत बहुधा दोन हौशी एकत्र नांदतात. एक गुलाबाची. दुसरी मोठ्या पानांच्या झाडांची : केळ, कर्दळ, हेलिकोनिया, अल्पिनिया, क्रोटन, अळूचे नाना प्रकार. दुसरी हौस सहज पुरी होते. पहिली डिसेंबरात बहरते आणि ऑगस्टपर्यंत तिच्या काळपट काड्या उरतात. मग दोष रोपवाटिकेला दिला जातो, मातीला दिला जातो, माळ्याच्या हाताला दिला जातो. माझ्या मते मूळ चूक मांडणीची आहे. दोन भिन्न स्वभावाच्या वनस्पती एकाच जागी, एकाच वेळी आणि एकाच नळाच्या पाण्यावर वाढवण्याचा आग्रह इथे धरला जातो. गुलाब आणि उष्णकटिबंधीय झाडे या भागात उत्तम नांदू शकतात, मात्र त्यांची जुळणी आधी ऋतूने, मग पाण्याने, मग उन्हाने करावी लागते. रंगसंगतीचा विचार त्यानंतर.

जागेचा स्वभाव

सह्याद्रीची भिंत या तालुक्यांच्या पूर्वेला आहे. समुद्रावरून आलेले ढग तिला अडतात आणि उल्हास व पाताळगंगेच्या खोऱ्यांत रिते होतात. कर्जतला वर्षाकाठी सर्वसाधारणपणे ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. बागेच्या मापात सांगायचे तर प्रत्येक चौरस मीटर मातीवर ३००० लिटर पाणी. एवढे पाणी मातीतून झिरपताना नत्र आणि चुना दोन्ही सोबत घेऊन जाते. म्हणून जुलैत गुलाबाला घातलेले खत गुलाबापेक्षा ओढ्याच्या वाट्याला अधिक येते.

खोपोलीहून बोरघाट चढून तळेगाव दाभाड्याला गेले की पॉलिहाऊसच्या रांगांत गुलाबाचा मोठा व्यापार दिसतो. नकाशावर हे अंतर किरकोळ आहे. पण तळेगाव घाटमाथ्याच्या पलीकडे पर्जन्यछायेकडे सरकलेले आहे, उंचीमुळे तिथली रात्र थंड आहे, आणि तिथल्या गुलाबाच्या डोक्यावर प्लास्टिकचे छप्पर आहे. तिथले वाण आणि तिथले वेळापत्रक जसेच्या तसे घाटाखाली आणणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

मातीही दोन जातींची. उताराची वरकस जमीन उथळ आणि मुरमाड असते, पाणी धरत नाही. सपाटीचे खाचर पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून घडवलेले असते. त्याच्या वरच्या थराखाली नांगराच्या तळाने दाबलेला घट्ट पापुद्रा असतो, आणि भाताला पाणी साचून हवे असते म्हणून तो मुद्दाम जपलेला असतो. कर्जतचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र भातासाठी ओळखले जाते, हा योगायोग नाही. खाचरावर दोन ट्रॉली लाल माती टाकून गुलाब लावला, तर त्याची मुळे लवकरच त्या पापुद्र्यावर साचलेल्या पाण्यात उभी राहतात. टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटणारे पाणी राजनाल्याच्या कालव्याने जिथे उन्हाळी भाताला मिळते, तिथल्या सखल जागेत तर फेब्रुवारीतही खालची माती ओली सापडते. त्या जागी सोनटक्का लावावा. गुलाब लावू नये.

गुलाबाला पावसाळ्यात काय होते

गुलाबाच्या पानांवरचा काळा ठिपका हा बुरशीचा रोग. तिच्या बीजाणूला पानात शिरायला पानावर सलग काही तास, साधारण सात तास तरी, पाण्याचा थर लागतो. कर्जतच्या जुलैत सात तास पान कोरडे राहिले तर नवल. तापमानही त्या काळात बुरशीला मानवणारे असते. ठिपका पडलेले पान पिवळे होते, गळते, आणि जमिनीवरून पावसाच्या थेंबांसोबत उडालेले बीजाणू खालच्या पानांवर पुन्हा बसतात. झाड साठवलेले अन्न खर्चून नवी पालवी काढते, तीही गळते. दोन-तीन वेळा असे झाले की फांदीचे टोक काळे पडून शेंडेमर खाली सरकू लागते.

औषधाची फवारणी दर आठवड्याला करून हे थोपवता येते असे पुष्कळजण सांगतात. फवारलेले औषध दुसऱ्या सरीत धुऊन जाते, आणि घरच्या बागेत मुले, मधमाश्या, विहीर सगळे जवळ असते. माझे मत स्पष्ट आहे : या भागात जुलै-ऑगस्टमध्ये गुलाबाचे पान वाचवण्याचा हट्ट सोडावा आणि खोड वाचवावे. खोड निरोगी आणि मुळे श्वास घेणारी राहिली तर ऑक्टोबरात झाड पुन्हा उभे राहते. थंड देशांतला गुलाब बर्फात पाने टाकतो, इथला पावसात टाकतो. तो त्याचा विश्रांतीचा काळ मानला की पुढचे सगळे नियोजन सोपे होते.

हे सर्व गुलाबांना सारखेच लागू नाही, आणि कारण त्यांच्या वंशावळीत आहे. बाजारातला झळझळीत पिवळा आणि केशरी गुलाब मुख्यतः पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातल्या पिवळ्या रानगुलाबाचा वारस आहे. फ्रान्समध्ये पेर्ने-दुशे यांनी त्या रक्ताचा संकर करून १९०० साली ‘सोलेय द’ओर’ बाजारात आणला. पिवळा रंग मिळाला, आणि त्याबरोबर काळ्या ठिपक्याला बळी पडण्याची प्रवृत्तीही आली. उलट चिनी गुलाबाचे कूळ उन्हाळी पावसाच्या प्रदेशातले आहे, आणि जपान-कोरियाकडच्या झुपकेदार फुलांच्या मल्टिफ्लोरा कुळाचेही तसेच. म्हणून चिनी आणि मल्टिफ्लोरा रक्ताचे गुलाब इथे अधिक तग धरतात : गावठी गुलाबी, बटण गुलाब, हारांसाठी पिकणारा १८९७ चा ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’. भारतात तर दलदलीच्या काठी उगवणारा स्वतःचा रानगुलाब आहे, रोझा क्लायनोफिला. कोडाईकनालचे विरू आणि गिरिजा वीरराघवन या दांपत्याने त्याचा आणि मणिपूरकडच्या रोझा जायगँशियाचा वापर करून उष्ण हवामानासाठी गुलाब घडवण्याचे काम आयुष्यभर केले. घाटाखालच्या बागांना त्या कामाची गरज पुण्या-बंगळूरपेक्षा जास्त आहे, आणि इथल्या रोपवाटिकांनी अजून त्याची पुरेशी दखल घेतलेली नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

डोळा बांधलेले कलम घ्यावे की फांदीच्या छाटावरून वाढवलेले रोप? घाटावर पहिले श्रेयस्कर असेल. इथे शेंडेमर कधी कधी जमिनीपर्यंत उतरते. अशा वेळी कलमाचा वरचा वाण मरतो आणि खालून खुंट फुटतो. मालकाला दोन वर्षांनी कळते की आपण खुंट वाढवला. स्वतःच्या मुळांवरचा गावठी गुलाब मात्र बुंध्यातून फुटला तरी तोच असतो. कलमच लावायचे असेल तर डोळ्याची जागा मातीच्या वर ठेवावी आणि मुनवे दिसताक्षणी मुळाशी ओढून काढावेत.

उष्णकटिबंधीय झाडांचे दोन वर्ग

मोठ्या पानांच्या झाडांना आपण एका गटात टाकतो. गुलाबाच्या शेजाराच्या दृष्टीने त्यांचे दोन वर्ग पडतात, आणि हाच भेद या विवेचनाचा गाभा आहे.

पहिला वर्ग सदाहरित. हेलिकोनिया, अल्पिनिया, केळ, क्रोटन, पाणी मिळत असलेली कर्दळ. ही झाडे बारा महिने वाढतात आणि बारा महिने पितात. हेलिकोनियाचे गड्डे जमिनीखाली आडवे पसरतात, तिची आणि गुलाबाची खाणारी मुळे वरच्या फूटभर मातीतच असतात. हिवाळ्यात, जेव्हा गुलाबाला अन्नाची खरी गरज असते, तेव्हाही हेलिकोनिया थांबत नाही. दोन वर्षांत तिचे कोंब गुलाबाच्या आळ्यात दिसू लागतात.

दुसरा वर्ग पावसाळी कंदांचा. याची उदाहरणे बाहेरून आणावी लागत नाहीत, माथेरानच्या आणि बोरघाटाच्या उतारांवर ती वाढतात. पेव, पांढऱ्या मोठ्या फुलांचे आणि जिन्यासारखी वळत जाणारी पाने धरणारे. रानहळद, तिच्या गुलाबी-जांभळ्या तुऱ्यांसह. कळलावी, लाल-पिवळ्या ज्वालांसारख्या पाकळ्यांची. कड्याकपारीतली रानकेळ, जिला चवई म्हणतात. बागेतला भुईचाफा आणि रंगीत पानांचे कॅलेडियमही याच वर्गातले. ठाकूर आणि कातकरी बाया पावसाच्या तोंडाशी कर्जत-नेरळच्या बाजारात विकायला आणतात ती शेवळेही याच रीतीने जगतात. आठ-नऊ महिने कंद जमिनीत निजतो, पावसाची चाहूल लागताच उठतो, चार महिन्यांत पान, फूल, बी सगळे उरकतो आणि पाऊस सरला की पुन्हा जमिनीत जातो.

या वेळापत्रकाशेजारी गुलाबाचे वेळापत्रक ठेवून पाहावे. जूनमध्ये पेव आणि रानहळद कोंब काढतात, तेव्हा गुलाब पाने टाकायला लागतो. ऑगस्टात चवईची पाने माणसापेक्षा उंच होतात, तेव्हा गुलाब काड्यांवर आलेला असतो. भाद्रपदात कळलावी गौरीपुढे जाते. ऑक्टोबरात कंदांची पाने पिवळी पडतात, आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, पाऊस नक्की गेल्यावर, गुलाबाची छाटणी येते. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण ४५ ते ५० दिवस. म्हणजे डिसेंबराच्या पहिल्या पंधरवड्यात गुलाब फुलतो तेव्हा त्याच्याभोवतीची माती मोकळी असते, कंद खाली झोपलेले असतात, आणि त्यांना पाण्याचा थेंबही नको असतो. एकाच वाफ्यातून दोन बागा निघतात. दोघांत अन्नासाठी भांडण होत नाही, कारण दोघे एका वेळी जेवायला बसत नाहीत.

घरची हळद मात्र या जुळणीतून वगळावी. पातोळ्यांना पाने हवीत म्हणून ती बागेत हवीच, पण तिची पाने हिवाळ्यापर्यंत उभी राहतात आणि काढणी गुलाबाच्या ऐन बहरात येते. कुदळीने गुलाबाची मुळे तुटतात. तिला वेगळा वाफा द्यावा.

इंग्लंडमध्ये ग्रेट डिक्स्टर येथे ख्रिस्तोफर लॉइड यांनी १९९३ मध्ये वास्तुविशारद लट्यन्सने आखलेली जुनी गुलाबबाग काढून तिथे केळी, कर्दळी आणि मोठ्या पानांची झाडे लावली. बागकामाच्या जगात त्याची मोठी चर्चा झाली. तिथे ही निवड समजण्यासारखी होती, कारण त्या देशात झाडे वाढण्याचा हंगाम एकच. गुलाब आणि केळ दोघेही उन्हाळ्याच्या त्याच महिन्यांवर हक्क सांगतात. कर्जतला ही निवड करावी लागत नाही. इथे हंगाम दोन आहेत.

आक्षेप आणि त्याचे उत्तर

भर पावसात गुलाबाभोवती दाट पाने उभी राहिली तर हवा कोंडेल, पाने अधिक वेळ ओली राहतील आणि बुरशी वाढेल, हा आक्षेप बरोबर आहे. ऋतूंची विभागणी केली तरी अंतर ठेवावेच लागते. कंद गुलाबाच्या खोडापासून पाऊण ते एक मीटर दूर असावेत, झुडपाच्या बुंध्याशी नकोत. मेच्या अखेरीस गुलाबाच्या मध्यातल्या गुंतलेल्या फांद्या काढून तो वाडग्यासारखा मोकळा करावा. खोल छाटणी मात्र पावसात कधीच करू नये, ओल्या कापातून शेंडेमर आत शिरते. काढलेल्या प्रत्येक जाड फांदीच्या टोकाला बोर्डो पेस्ट लावावी. बुंध्याभोवती भाताचा पेंढा पसरला की थेंबांबरोबर माती आणि बीजाणू वर उडत नाहीत. हा एक उपाय मला सर्व फवारण्यांपेक्षा मोलाचा वाटतो. गळलेली पाने मात्र गोळा करून बागेबाहेर काढावीत, पेंढ्याखाली दडपू नयेत.

वळवाच्या पहिल्या सरीनंतर हुमणीचे भुंगेरे रात्री गुलाबाच्या पानांवर येतात. दिव्याखाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचे घमेले ठेवून ते पकडता येतात. हा उपद्रव थोड्या दिवसांचा असतो.

पाणी

कोकणातल्या जुन्या घराने हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलेला आहे. परसात मोरीचे पाणी जाई, तिथे केळ, अळू, कर्दळ. अंगणात मोगरा, अबोली, गुलाब, आणि त्यांना कळशीने मोजून पाणी. आताच्या बागेत एका पंपावर एकच ठिबक नळी सगळीकडे फिरते. केळीला पुरेल एवढे पाणी सोडले तर गुलाबाची मुळे कुजतात, गुलाबाच्या मापाने सोडले तर हेलिकोनियाची पाने कडेने करपतात. सदाहरित वर्गाला वेगळी नळी आणि वेगळा कॉक द्यावा. ही झाडे जमिनीच्या सखल बाजूला, न्हाणीघराच्या पाण्यावर ठेवली तर नळीचीही गरज उरत नाही.

गुलाबासाठी गादीवाफा लागतो, खाचरावर निदान दीड फूट उंच. वाफ्याखालचा घट्ट पापुद्रा पहारीने फोडून उताराकडे चर काढावा, नाहीतर उंच वाफाही टोपलीसारखा पाणी धरून बसतो. वरकस जमिनीवर उंचीपेक्षा खोली महत्त्वाची : मुरूम फोडून खड्डा मोठा घ्यावा, शेणखत आणि पोयटा भरावा. सततच्या पावसाने माती आंबट होत जाते. गुलाबाला सौम्य आम्ल माती चालते, तीव्र आम्ल नाही, म्हणून ऑक्टोबरातल्या खताबरोबर मूठभर चुलीची राख किंवा थोडा शेतीचा चुना घालावा. माती तपासून घेतली तर उत्तमच.

ऊन

गुलाबाला रोज सहा तास थेट ऊन लागते, आणि त्याचा फुलण्याचा काळ हिवाळा असल्याने हिशेब हिवाळ्यातल्या उन्हाचा करायचा. कर्जतचे अक्षांश सुमारे १८.९ अंश. २२ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारी सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. तेव्हा तीन मीटर उंच केळीची सावली उत्तरेकडे सुमारे २.७ मीटर पडते. केळीचे बेट गुलाबाच्या दक्षिणेला दोन मीटरवर लावलेले असेल, तर बहराच्या महिन्यात गुलाब दुपारभर सावलीत राहतो. जूनमध्ये पाहणाऱ्याला हे कळत नाही, कारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य इथे डोक्यावर किंवा किंचित उत्तरेला असतो आणि तेव्हा ती सावली दक्षिणेकडे पडते. बाग आखणारे बहुतेक लोक रोपे जूनमध्ये लावतात. दिशेची चूक तिथेच होते.

म्हणून उंच सदाहरित झाडे उत्तरेला आणि पश्चिमेला. पश्चिमेच्या केळीचा दुसरा लाभ एप्रिल-मेमध्ये मिळतो, जेव्हा पारा चाळिशीकडे जातो, गुलाबाची फुले लहान होतात, पाकळ्यांचा रंग उतरतो आणि तांबडा कोळी पानांखाली जाळी विणतो. दुपारनंतरची सावली तेव्हा झाडाला जगवते. पूर्व बाजू मोकळी हवी, कारण उल्हासच्या काठी हिवाळ्यात दव पुष्कळ पडते आणि सकाळचे ऊन ते लवकर सुकवते. दक्षिणेला काही उंच हवेच असेल तर देवचाफा लावावा. डिसेंबर ते मार्च तो बहुधा निष्पर्ण असतो आणि त्याच्या जाड, विरळ फांद्यांतून ऊन खाली येते. गुलाबाला ऊन हवे तेव्हा न अडवणारा, तरी उंचीने बागेला आकार देणारा असा दुसरा शेजारी मला माहीत नाही.

कंद कोणते, किती

छोट्या बागेला सहा-सात गुलाब, त्यांच्या उत्तरेला एक चवई, मधल्या जागेत रानहळद आणि भुईचाफा, वाफ्याच्या टोकाला पेव, एवढे पुरे. भुईचाफ्याचे फूल उन्हाळ्यात, पान येण्याआधी, उघड्या मातीतून वर येते. गुलाब थकलेला असतो त्या महिन्यात ते मोलाचे. पेवाचे गड्डे सावकाश पसरतात, दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत ते विरळ करावेत. कळलावी गुलाबाच्या काड्यांवर पानांच्या टोकांनी धरून चढते आणि पानाचा भार टाकत नाही, त्यामुळे उघड्या गुलाबाला ती शोभून दिसते. तिचा कंद अत्यंत विषारी आहे. लहान मुले किंवा माती उकरणारी कुत्री असलेल्या घरात ती लावू नये, हे मी आग्रहाने सांगेन.

चवईला मुनवे येत नाहीत. तिचा बुंधा आहे तिथेच जाडावतो, म्हणून गुलाबाच्या वाफ्यात तिचे आक्रमण होत नाही. उघड्या कड्यावर ती जगते याचे कारण निचरा, आणि तोच निचरा गुलाबाला हवा आहे, हे दोघांचे आणखी एक साम्य. डोंगरातून उपटून आणलेली चवई बहुधा टिकत नाही आणि कड्यावरची जागा मात्र रिकामी होते. बी पेरावे. बियांचे कवच कठीण असल्याने उगवण सावकाश आणि पुढेमागे होते. एकाच वेळी अनेक बिया पिशव्यांत टाकाव्यात आणि एखादे रोप नेहमी मागे राखून ठेवावे, कारण काही वर्षांनी चवई एकदाच फुलते, फळते आणि मरते. तिच्या जागी राखलेले रोप त्याच पावसाच्या तोंडाशी लावले, तर गुलाबाच्या पाठीमागची हिरवी भिंत दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा उभी राहते.